क्रीमच्या आगेमागे

आजचा विषय गटांच्या बैठकीतच निघाला. वडखळ नाक्यावर, जिथे मुंबई-गोवा महामार्गापासून अलिबागचा रस्ता फुटतो, तिथल्या हॉटेलांना आमच्या गटांतल्या काही जणी पापड, पोहे, लोणची देतात, कोणी दही-तूप देतात. दोघी-तिघी घरी वाढदिवसाचे केक करतात. ऑर्डर आता फोनवर लिहून येते आणि निम्मी इंग्रजीत असते. अक्षरं देवनागरी असली तरी शब्द इंग्रजीच. त्यात एका महिन्यात एकच शब्द चार ठिकाणी आडवा आला: हॉटेलच्या यादीत, केकच्या सामानात, औषधाच्या ट्यूबवर आणि मुलीच्या कॉलेजच्या कागदांत. तो शब्द म्हणजे क्रीम.

क्रीम म्हणजे साय हे सगळ्यांना ठाऊक आहे. अडचण येते ती त्याच्या जोडीला आलेल्या शब्दाने. कोल्ड क्रीम, फुल क्रीम, क्रीम रोल, व्हिपिंग क्रीम, नॉन-क्रीमी लेयर. जोडीदार बदलला की वस्तू बदलते, भाव बदलतो, आणि दोन ठिकाणी तर नुकसान मोठं होतं. ती दोन ठिकाणं आम्ही शेवटी घेणार आहोत, तेव्हा रेडिओ मध्येच बंद करू नका.

आधी एक सोपी खूण. इंग्रजीत दोन नावं शेजारी आली की शेवटचा शब्द वस्तू सांगतो आणि आधीचा तिचा प्रकार सांगतो. हे आपल्याकडेही तसंच आहे. गूळपोळी ही पोळी असते, गूळ नव्हे. पाणीपुरी ही पुरी. तसं क्रीम बिस्किट हे बिस्किट, क्रीम रोल हा रोल, क्रीम कलर हा रंग. उलट कोल्ड क्रीम, शेव्हिंग क्रीम, आइस्क्रीम यांत क्रीम शेवटी आहे, म्हणजे ती वस्तू स्वतः क्रीम आहे, निदान तसं म्हणवते तरी. शब्द पुढे की मागे एवढं पाहिलं तरी अर्धं कोडं सुटतं. उरलेलं अर्धं पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं.

आता दुधाकडे येऊ. पिशवीवर 'फुल क्रीम मिल्क' लिहिलेलं असतं. वरून साय घातली आहे असा त्याचा अर्थ नाही. कायद्याने ठरवलेलं ते एक माप आहे: फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट हवी. टोन्डमध्ये ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का, आणि स्किम्डमध्ये अर्ध्या टक्क्याच्या वर नको. 'डबल' वाचून दुप्पट दाट दूध समजून डबल टोन्ड घेणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. तिथे डबल आहे ते पातळ करणं. टोन्ड ही युक्तीच मुळात मुंबईची. १९४० च्या दशकात मुंबईत दूध अपुरं पडत होतं. तेव्हा दूध खात्याचे दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि बिनसायीच्या दुधाची पावडर मिसळून ते जास्त माणसांना पुरवायची पद्धत काढली. पुढे १९६३ साली त्यांना व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे टोन्ड दूध ही भेसळ नाही. फक्त त्याच्याकडून तुपाची आशा धरू नका.

हिशेब करून पाहा. एक लिटर फुल क्रीम दुधात साधारण ६० ग्रॅम फॅट असते, टोन्डमध्ये ३० ग्रॅम, डबल टोन्डमध्ये १५ ग्रॅम. घरी साय काढताना त्यातलीही सगळी हाती लागत नाही. दिवाळीच्या तुपासाठी महिनाभर साय साठवायची तर पिशवी कोणती घ्यायची हे या आकड्यांवरूनच ठरवा. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' असा शब्द असला तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या दुधात फॅटचे थेंब यंत्रात दाब देऊन इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून येत नाहीत. असं दूध चांगलं असलं तरी साय पातळ धरतं. दूधवाल्याशी भांडायच्या आधी हा शब्द शोधा.

'स्किम' म्हणजे वरची साय काढून घेणं. स्किम्ड मिल्क म्हणजे साय काढलेलं दूध. ते वजन कमी करायला सांगितलेल्या माणसासाठी ठीक आहे, पण लहान बाळासाठी स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. बाळाच्या वाढीला त्या सायीची गरज असते.

हॉटेलच्या यादीत आणि फोनवरच्या पाककृतींत क्रीमचे जोडीदार सर्वांत जास्त भेटतात. फ्रेश क्रीम, हेवी क्रीम, डबल क्रीम, सावर क्रीम, क्लॉटेड क्रीम. त्यातलं 'फ्रेश क्रीम' हे आपल्याकडे खोक्यात मिळणारं क्रीम. त्यात बहुतेक वेळा २५ टक्के फॅट असते, आणि गंमत म्हणजे कायद्याच्या भाषेत ते 'लो फॅट क्रीम' ठरतं. चौथा हिस्सा फॅट आणि नाव लो फॅट! कारण आपल्या नियमात मध्यम क्रीम ४० टक्क्यांचं आणि हाय फॅट क्रीम ६० टक्क्यांचं. दाल मखनीवर किंवा टोमॅटोच्या सुपावर पांढरी वेलांटी काढायला हे २५ टक्क्यांचं क्रीम पुरतं. पाककृतीत 'पोअर' किंवा 'स्वर्ल' असं म्हटलं असेल, म्हणजे ओता किंवा गोल फिरवून सोडा, तर हेच वापरा.

'हेवी क्रीम' हा अमेरिकेतला शब्द, फॅट किमान ३६ टक्के. 'डबल क्रीम' इंग्लंडचा, तो ४८ टक्क्यांचा. परदेशी व्हिडिओ पाहून आपण आपलं खोक्यातलं फ्रेश क्रीम फेटायला बसलो तर हात दुखेपर्यंत फेटूनही ते उभं राहत नाही. दोष हाताचा नाही. क्रीम फेटताना त्यात हवेचे बुडबुडे शिरतात आणि फॅटचे थेंब त्या बुडबुड्यांभोवती चिकटून त्यांना धरून ठेवतात. २५ टक्क्यांत थेंब कमी पडतात. तिशीच्या वर गेलं की जमतं, पस्तिशीला चांगलं जमतं. शिवाय ते थंडगार हवं. आपल्याकडच्या मे महिन्यात भांडं आणि रवीसुद्धा आधी फ्रीजमध्ये ठेवावी लागते, कारण फॅट वितळली की बुडबुडे फुटतात. आणि जास्त फेटलं तर लोणी निघतं, ते मात्र आपल्याला शिकवायला नको.

पाककृतीतली क्रियापदंही समजून घ्या. 'व्हिप' म्हणजे फेटणं, 'चर्न' म्हणजे घुसळणं. 'स्टिफ पीक' म्हणजे फेटणी वर उचलली की क्रीमचं टोक ताठ उभं राहणं. 'फोल्ड' ऐकून घडी कशाची घालायची असा प्रश्न पडतो. त्याचा अर्थ इतकाच की चमचा खालून वर आणत हलक्या हाताने मिसळायचं, ढवळायचं नाही, नाहीतर धरलेली हवा निघून जाते. 'डॉलप' म्हणजे चमच्याने टाकलेला घट्ट गोळा. ओतलेली धार नव्हे.

'सावर क्रीम' वाचून नासलेली साय समजू नका. ते विरजलेलं क्रीम. आपल्या सायीच्या दह्याचं ते विलायती भावंड. हॉटेलवाल्याने ते मागितलं तर घट्ट सायीचं दही फडक्यात बांधून, पाणी काढून, मीठ न घालता दाखवून पाहा. आणि 'क्लॉटेड क्रीम' तर आपलीच साय. इंग्लंडच्या डेव्हन आणि कॉर्नवॉल भागांत दूध मंद तापवून, निवत ठेवून वर धरलेला जाड थर काढतात आणि चहासोबत पावाला लावून खातात. आपल्या आज्या चुलीवर जे रोज करत होत्या ते तिथे कौतुकाने विकलं जातं. आम्हाला याचा हेवा वाटतो, लपवत नाही.

केक करणाऱ्यांसाठी एक सरळ गोष्ट. दुकानात 'व्हिपिंग क्रीम' किंवा 'व्हिप टॉपिंग' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं दुधाचं नसतं. मागे 'नॉन डेअरी' आणि 'हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट' किंवा 'पाम कर्नल ऑइल' असं लिहिलेलं असतं. ते उन्हात टिकतं, स्वस्त पडतं, फुलं छान उमटतात, म्हणून सगळीकडे तेच चालतं. वापरायला बंदी नाही. पण आपल्या पाटीवर किंवा डब्यावर 'फ्रेश क्रीम केक' लिहून आत हे घालायचं, हे आम्हाला पटत नाही आणि अन्नसुरक्षेच्या नियमांतही बसत नाही. दुधाचं नाव दुधाच्या वस्तूलाच. साधं 'क्रीम सजावटीचा केक, वनस्पती फॅट' लिहिलं तर गिऱ्हाईक पळून जात नाही. विचारतं, आणि आपण सांगतो.

हीच गोष्ट आइस्क्रीमची. ज्याच्यावर नुसतं 'आइस्क्रीम' लिहिलंय त्यात दुधाची फॅट किमान १० टक्के हवी. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यातली फॅट बहुतेक वनस्पती तेलाची. कप सारखाच, रंग सारखाच, नाव तेवढं वेगळं आणि तेही बारीक अक्षरांत. क्रीम बिस्किटातल्या क्रीममध्ये साखर आणि पाम तेल असतं, साय शोधू नका. क्रीम ऑफ टार्टरमध्ये तर दुधाचा थेंबही नसतो. ती द्राक्षाच्या दारूच्या पिंपात तळाशी जमणाऱ्या क्षारापासून केलेली आंबट पावडर. पुढे जाऊ.

आता अंगाला लावायची क्रीमं. यांना क्रीम का म्हणतात? कारण त्यातही सायीसारखं तेल आणि पाणी एकत्र घोटलेलं असतं. तेल फार असलं की मलम, पाणी जास्त असलं की लोशन, मधलं ते क्रीम. 'कोल्ड क्रीम' सर्दीचं नव्हे. त्यातलं पाणी उडताना कातडीला गार लागतं, म्हणून कोल्ड. तेल भरपूर, थंडीत फुटलेल्या हातापायांना चांगलं. 'व्हॅनिशिंग' म्हणजे नाहीसं होणारं. चोळलं की दिसेनासं होतं, चिकट राहत नाही. १९१९ साली मुंबईत पाटणवाला यांनी काढलेलं अफगाण स्नो आपल्या आज्यांना आठवत असेल, ते याच घराण्यातलं.

'फेअरनेस क्रीम' ही जोडी मात्र आम्हाला कधीच आवडली नाही. फेअर म्हणजे गोरं, आणि 'फेअर'चा दुसरा अर्थ न्याय्य. बाजाराने दोन्ही अर्थ एकाच डबीत भरले. १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमच्या नावातून २०२० साली 'फेअर' शब्द काढला आणि 'ग्लो' आला. आता सगळीकडे 'ग्लो', 'ब्राइटनिंग', 'व्हाइटनिंग' असे शब्द दिसतात. शब्द बदलले तरी आपल्या मुलींना लग्नाच्या बोलणीत ऐकावं लागतं ते बदललेलं नाही.

यातला खरा धोका नाव नसलेल्या डब्यांत आहे. पार्लरमध्ये, जत्रेत, ओळखीच्या बाईकडे सुटी मिळणारी, आठ दिवसांत गोरं करणारी क्रीमं. त्यांतल्या काहींत पारा असतो. पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. २०२३ च्या जानेवारीत अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची बातमी आली होती. तिघी तसलं क्रीम लावत होत्या आणि तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधताना क्रीममध्ये पारा सापडला. आपल्या नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा चुकून आला तरी दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. म्हणून डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ती डबी घरात आणू नका. घटकांच्या यादीत 'मर्क्युरी', 'मर्क्युरस' किंवा 'कॅलोमेल' दिसलं तर तो पाराच.

दुसरा धोका मेडिकलमधल्या ट्यूबचा. हा तर घरोघरी आहे. नायटा झाला, खाज सुटली, मेडिकलवाल्याला सांगितलं, त्याने ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज थांबली. मग तीच ट्यूब शेजारणीला, तिच्या मुलाला, आणि वांग घालवायला चेहऱ्यालाही. या ट्यूबवर 'स्किन क्रीम' एवढंच मोठं दिसतं. खाली बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड खाज दाबतं, पण नायट्याची बुरशी मारत नाही. उलट अंगाची लढायची ताकद त्या जागी कमी झाल्याने नायटा पसरतो, आणि मग डॉक्टरलाही तो ओळखायला अवघड जातो. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. बंद केलं की भडका उडतो, म्हणून बाई पुन्हा लावते. आमच्या एका गटात तिघी जणी या फेऱ्यात होत्या.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य आजाराला, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी ते फार उपयोगाचं. म्हणूनच २०१८ साली सरकारने असली चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. ट्यूबवर किंवा खोक्यावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध. 'अँटिसेप्टिक क्रीम' जखमेसाठी, 'अँटिफंगल क्रीम' नायट्यासाठी, 'मॉइश्चरायझिंग क्रीम' कोरड्या कातडीसाठी, आणि यांतलं एक दुसऱ्याचं काम करत नाही. 'अप्लाय थिनली' म्हणजे पातळ थर लावा, थापू नका. 'एक्स्टर्नल यूज ओन्ली' म्हणजे फक्त अंगाला बाहेरून. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता ट्यूब सोबत घेऊन कातडीच्या डॉक्टरकडे जा. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारलं तर कुठे जायचं ते सांगतील, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठीही देतील.

आणि आता कॉलेजच्या कागदांतलं क्रीम: 'नॉन-क्रीमी लेयर'. लेयर म्हणजे थर, क्रीमी लेयर म्हणजे सायीचा थर. मंडल आयोगाच्या शिफारशींवरच्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९२ मध्ये निकाल दिला की इतर मागासवर्गीयांना आरक्षण राहील, पण त्यांच्यातली जी कुटुंबं पुढे गेली आहेत, दुधावर साय यावी तशी वर आली आहेत, त्यांना ते मिळणार नाही. आपल्या सरकारी मराठीत याला 'उन्नत व प्रगत गट' म्हणतात. नॉन म्हणजे नाही. म्हणजे नॉन-क्रीमी लेयरचा दाखला सांगतो की हे कुटुंब त्या सायीत मोडत नाही. एका ताईने विचारलं होतं, 'आम्ही क्रीमी नाही म्हणजे आमची जात कमी धरली का?' नाही ताई. जातीचा दाखला वेगळा, हा वेगळा. हा फक्त कुटुंबाची स्थिती सांगतो, आणि तो हातात असणं ही तुमच्या लेकीच्या फायद्याची गोष्ट आहे.

उत्पन्नाची मर्यादा १९९३ साली एक लाख होती. वाढत वाढत २०१७ पासून ती वर्षाला आठ लाख झाली. ती सलग तीन वर्षं ओलांडली तर कुटुंब क्रीमी लेयरमध्ये जातं. केंद्राच्या नियमात या मोजणीत आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, धंदा, भाडं वगैरे धरतात. नोकरदारांसाठी पद कोणत्या वर्गाचं आहे ते बघतात. लग्न झालेल्या मुलीसाठीसुद्धा केंद्राच्या २००४ च्या खुलाशाप्रमाणे तिच्या आई-वडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याचं उत्पन्न नाही. सासरी गेल्यावर नोकरीचा अर्ज भरणाऱ्या सुनांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडच्या आगरी, कुणबी घरांना हा दाखला लागतो. कातकरी, ठाकूर अशा अनुसूचित जमातींच्या आणि अनुसूचित जातींच्या मुलांना तो लागत नाही. कोणी मागितला तर का मागता असं विचारा. राज्यात महिलांच्या राखीव जागांसाठी खुल्या प्रवर्गातल्या बायकांनाही हा दाखला मागत असत, ती अट २०२३ साली काढली.

घाई का करायची तेही ऐका. दाखल्याची मुदत एक ते तीन वर्षांची असते आणि साधारण ३१ मार्चला संपते. प्रवेश जून-जुलैत. म्हणजे मागच्या वर्षीचा दाखला नेमका प्रवेशाच्या तोंडावर बाद झालेला असतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींना ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. कागद नसला तर ही फी घरातून जाते, कधी जागाच जाते. आमच्या भागातल्या एका मुलीचं असंच एक वर्ष गेलं. घरात तीन दाखले होते, तिन्ही जुने.

म्हणून एप्रिलमध्येच सेतू केंद्रात किंवा आपले सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज टाका. सोबत मुलीचा जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलदारांचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि प्रतिज्ञापत्र ठेवा. उत्पन्नाचा दाखला आधी काढावा लागतो, त्यातच दिवस जातात. नॉन-क्रीमी लेयरवर सही प्रांतांची, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांची. हाती आला की तिथल्या तिथे नावाची अक्षरं शाळेच्या दाखल्याशी जुळवा, आणि मुदतीची तारीख गटाच्या वहीत मुलीच्या नावापुढे लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला घरातल्या ट्यूब आणि रिकामी पाकिटंही पिशवीत घालून आणा, एकत्र बसून वाचू.